झिजलेल्या वस्तूंचे फोटो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास कॅमेरे आणि मोबाइल घेऊन भटकणारी आमची छोटी मंडळी आहे. तिच्यात नवीन माणूस आला की पोह्यांची पहिली प्लेट संपायच्या आत हेच प्रश्न येतात. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं माझी आहेत. मंडळीतले निम्मे लोक त्यांतल्या काहींवर भांडतील, त्यांनी खुशाल भांडावं.

हा प्रकार नेमका काय आहे? गंजलेल्या पत्र्याचा फोटो कोण बघणार?

पत्रा म्हणून कोणी बघणार नाही. पण त्यावरचा नारिंगी ओघळ, शेजारी उरलेली निळ्या रंगाची कड आणि मधला खरबरीत पट्टा एवढंच फ्रेममध्ये ठेवलं, तर बघणारा आधी रंग आणि पोत बघतो. वस्तू कोणती हे तो नंतर विचारतो, कधी विचारतही नाही. असे फोटो म्हणजे अमूर्त फोटो.

हे नवं खूळ नाही. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६ मध्येच साध्या वाडग्यांचे आणि व्हरांड्यातल्या सावल्यांचे असे फोटो काढले होते. ब्रासाय १९३०च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर कोरलेल्या खुणा टिपत होता. अ‍ॅरन सिस्किंड आधी माणसांचे, वस्त्यांचे फोटो काढायचा. १९४०च्या दशकात तो पोपडे धरलेल्या भिंती आणि फाटक्या पोस्टरांकडे वळला, तो शेवटपर्यंत तिथेच रमला. आपल्या गावापुरतं बोलायचं तर महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिताबाईंचे फोटो मॅन रे या कलावंताने काढलेत. हाच मॅन रे कॅमेरा न वापरता, प्रकाशाला संवेदनशील कागदावर घरातल्या वस्तू ठेवून त्यांच्या सावल्यांची चित्रं करायचा.

सुरुवात कुठून करू? म्हणजे कोणती वस्तू?

स्वयंपाकघरातून. बाहेर जायची घाई करू नका.

आमच्याकडे नव्या माणसाला एकच काम देतो: वस्तू हातात घ्या आणि ती कशाने झिजली ते सांगा. कॅमेरा त्यानंतर. झीज हाताने झाली, घासण्याने झाली, पाण्याने, उन्हाने की आपटल्याने, हे कळलं की प्रकाश कुठून घ्यायचा आणि फ्रेम कुठे तोडायची यातले निम्मे निर्णय झालेले असतात. नाहीतर माणूस नुसता ‘छान गंज’ शोधत फिरतो आणि त्याचे सगळे फोटो एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

पितळेचं जुनं पातेलं घ्या. आतून कल्हई केलेली असते, म्हणजे कथलाचा पातळ थर. जिथे रोज डाव फिरला तिथे तो थर आधी जातो आणि राखाडीखालून पिवळं पितळ डोकावतं. ते डागही कसेही पडलेले नसतात. तळाशी गोल, कडेला कमानीसारखे, म्हणजे ढवळणाऱ्या हाताचा फेराच तिथे उमटलेला असतो. फ्रेममध्ये ती कमान अर्धवट का होईना, पण यायला हवी. ती कापून नुसता राखाडी-पिवळा ठिपका घेतला तर फोटो मुका होतो.

पाटा बघा. वरवंटा पुढे-मागे फिरून मधला भाग खोलगट आणि तुळतुळीत झालेला असतो, पण टाकी लावल्याचे ठिपके कडेला शाबूत असतात. खरबरीत आणि गुळगुळीत यांची जिथे गाठ पडते तीच तुमची फ्रेम. मध्यभाग एकटा घेतला तर राखाडी दगड दिसतो, कडा एकटी घेतली तर टाकीचं काम दिसतं.

पोळपाटावर लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण रेषा वर राहतात, त्यामुळे हात फिरवला तर बारीक लाटा लागतात. जुन्या वाड्याच्या उंबरठ्यावरही हेच, तिथे पोळ्यांऐवजी पाय. तामचिनीच्या ताटलीचं वेगळं आहे. पत्र्यावर काचेचा थर भाजून बसवलेला, म्हणून ती झिजत नाही, आपटली की टवका उडतो. टवक्यात काळा पत्रा, मग त्याच्या कडेने गंजाची तांबूस रेघ. पांढऱ्यावर काळं बेट आणि लाल किनारा हे इतकं तयार चित्र असतं की त्यात आपण करायला फारसं उरत नाही. मला तामचिनी जरा सोपी वाटते ती म्हणूनच.

तवा, किसणी, खलबत्ता, पत्र्याचा पिठाचा डबा, गोधडी, बंबाची झाकणं, कुलपं, सायकलची सीट. यादी तुमच्या माळ्यावर आहे.

चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. मोबाइल चालतो, फक्त त्याला वस्तूच्या नाकाला लावू नका. बऱ्याच फोनची मुख्य लेन्स फार जवळचं फोकस करत नाही. तुम्ही पुढे सरकलात की फोन गुपचूप रुंद कोनाच्या लेन्सवर जातो आणि कडा ताणल्यासारख्या येतात. त्यापेक्षा दीड-दोन वीत मागे राहा, दोनपट झूम घ्या, उरलेलं नंतर कापा. अ‍ॅपमध्ये रॉ फाइलची (फोनने न सुधारलेल्या कच्च्या फोटोची) सोय असेल तर ती चालू करा, कारण फोन पोत दिसला की त्याला स्वतःहून धार लावतो आणि दगडाची मीठ-मिरी करून टाकतो.

कॅमेरा असेल तर अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स सोयीची, पण कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूमही पुष्कळ काम देते. पैसे खर्च करायचेच असतील तर ट्रायपॉडवर करा.

प्रकाश कुठून घ्यायचा? एकाच भिंतीचा फोटो सकाळी जिवंत येतो, दुपारी मेलेला.

पुन्हा तोच प्रश्न: ती भिंत झिजली कशाने?

घर्षणाची झीज म्हणजे चरे, खड्डे, खोलगट जागा. ही उंच-सखल असते, तिला सावली लागते. प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ टेकून, अगदी तिरपा यायला हवा. शिवाय चऱ्याला तो आडवा यायला हवा. चऱ्याच्या दिशेनेच प्रकाश वाहिला तर चरा दिसेनासा होतो. पोळपाट खिडकीशी ठेवून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी सगळ्या रेषा एकदम उठून दिसतील आणि आणखी थोडं फिरवलं की मिटतील.

हवा-पाण्याची झीज म्हणजे गंज, ओल, तांब्यावरचा हिरवा थर, विटलेला रंग. इथे उंची कमी आणि रंग जास्त. तिला तिरपं ऊन दिलंत तर सावल्या रंगांना खाऊन टाकतात. ढगाळ दिवस, गल्लीतली सावली, उत्तरेची खिडकी हे तिच्यासाठी. इंदूरचा श्रावण या कामाला उत्तम, ओल्या भिंतींचे रंगही गडद होतात.

काही वस्तूंत दोन्ही असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगवलेल्या पत्र्याखाली तो फुगतो आणि रंगाला फोड येऊन पोपडा सुटतो. तिथे पोपड्याची उंचीही हवी आणि खालचा तांबूसही. अशा वेळी तिरप्या उन्हासमोर दुसऱ्या बाजूने पांढरा कागद धरा, सावल्या थोड्या उजळतात.

आता दुपारचं. ‘दुपारी फोटो काढू नयेत’ हा नियम जमिनीवरच्या वस्तूंसाठी ठीक आहे, उभ्या भिंतींसाठी नाही. इंदूर साधारण २२.७ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवरून ऊन वरून खाली खरवडत येतं. दोन मिलिमीटर उचललेल्या पोपड्याची सावली तेव्हा दोन सेंटिमीटरच्या आसपास पडते! सकाळी सातला पूर्वेच्या भिंतीवर ऊन समोरून येतं आणि सगळं सपाट करतं, तिलाही ही माध्यान्हीचीच वेळ मिळवून द्या. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, मधला महिनाभर माध्यान्हीला तो किंचित उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेच्या भिंतींनाही हे ऊन मिळतं, आभाळ मोकळं असेल तर. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण जवळपास ७५.९ वर, त्यामुळे आपली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. डिसेंबरात हाच माध्यान्हीचा सूर्य ४४ अंशांपर्यंतच चढतो. तेव्हा भिंतीचा हा खेळ जमत नाही, पण फरशा आणि ओटे छान येतात.

टोपी आणि पाणी घेऊन जा, हे सांगायला नको.

स्टीलच्या ताटावर गोल गोल चरे दिसतात. ताट तर कोणी गोल घासत नाही?

चरे सगळ्या दिशांना असतात. घासणी कशीही फिरते. पण दिव्याचा प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत परतवतील असे चरे फक्त ठरावीक दिशेचेच असतात, आणि ते दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कड्यासारखे मांडलेले दिसतात. बाकीचे तिथेच असतात, चमकत नाहीत एवढंच. दिवा हलवा, वर्तुळं त्याच्यामागे जातील.

म्हणजे वर्तुळाचं केंद्र तुमच्या हातात आहे. खोलीत अंधार करून एकच छोटा दिवा घ्या, मोबाइलचा टॉर्चही चालेल. केंद्र फ्रेमच्या बाहेर ढकललं तर नुसत्या कमानी मिळतात, आणि माझ्या मते त्या पूर्ण वर्तुळापेक्षा जास्त चांगल्या दिसतात. मोठ्या खिडकीच्या मऊ प्रकाशात हे सगळं नाहीसं होतं, तेव्हा ढगाळ दिवशी ताट बाहेर काढून वैतागू नका. नवं ताट कामाचं नाही. मुंजीत आलेलं, नाव कोरलेलं, चाळीस वर्षं घासलेलं शोधा.

तांब्या-पितळेचे रंग डोळ्यांना दिसतात तसे फोटोत येत नाहीत. दोष कॅमेऱ्याचा का?

बहुतेक वेळा दोष स्वयंपाकघराचा. खिडकीतून दिवसाचा निळसर प्रकाश, वर एलईडी, देवघरातून पिवळा बल्ब. कॅमेरा यांतला एकच सरळ करू शकतो. एक दिवा ठेवा, बाकीचे बंद करा. मग व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचा तोल) ऑटोवर न ठेवता हाताने लावा. ऑटोला पितळेचा पिवळेपणा ‘चूक’ वाटतो आणि तो निळा रंग ओतून ती सुधारायला जातो. उन्हासाठी ५५०० केल्विनच्या आसपास, सावलीसाठी ७००० च्या आसपास, मग नजरेने. ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, असेल तर उत्तम. साध्या पांढऱ्या कागदावर फार विसंबू नका, त्यात निळसर चमक देणारी द्रव्यं असतात.

दुसरं म्हणजे धातूला स्वतःच्या रंगाइतकाच समोरच्या गोष्टीचा रंग असतो. घंगाळाच्या फोटोत तांबूस कमी आणि हिरवं जास्त येत असेल तर तुमचा कुर्ता बघा. या कामाला काळे किंवा राखाडी कपडे.

एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

पांढरी ताटली करडी येते आणि काळा तवाही करडाच येतो.

कॅमेरा सगळ्याला सरासरी करडं समजतो. ताटलीला एक्स्पोजर एक पायरी वाढवा, तव्याला एक पायरी कमी करा.

फोटोची एक बाजू नीट, दुसरी धूसर. असं का?

कॅमेरा वस्तूला समांतर नाही. जवळून काढताना फोकसची खोली काही मिलिमीटरच असते, थोडा कल पुरे. आधी कॅमेरा सरळ करा, मग लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ च्या पुढे जाऊन फायदा नाही, प्रकाश पसरून सगळंच किंचित मऊ होतं. गोल भांड्याचं पोट कधीच सपाट होणार नाही. तिथे एक जागा निवडा आणि बाकीचं सुटू द्या, किंवा फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून जोडा. जोडण्याचा मला स्वतःला कंटाळा आहे.

पोलरायझर घेऊ का?

आत्ता नको. तो ऑइलपेंट, तामचिनी, ओलं लाकूड यांची चमक कमी करतो, पण कॅमेरा तिरका असेल तेव्हाच, पृष्ठभागापासून साधारण ३५ अंशांवर. आपण बहुतेक फोटो समोरून, समांतर काढतो, तिथे त्याचा उपयोग फार थोडा. उघड्या धातूची चमक तर तो जवळपास घालवतच नाही. बदल्यात दीडेक स्टॉप, म्हणजे दीडेक पायरी, प्रकाश खातो.

आईने फोटोसाठी म्हणून घंगाळ चिंचेने घासून लख्ख करून ठेवलं. आता?

आता पोहे खा आणि पावसाळ्यानंतर या. पुढच्या वेळी आधी सांगा. घरातल्या बायकांना कळकट भांडं जगाला दाखवणं आवडत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. काय हवंय ते त्यांना स्क्रीनवर दाखवा. एकदा दाखवलं की माळ्यावरून कल्हई गेलेली तपेली स्वतः काढून देतात, वर कोणत्या लग्नातली तेही सांगतात.

थोडं पाणी मारलं, धूळ पुसली, पोपडा थोडा सोलला तर चालतं?

पाणी चालतं, रंग गडद होतात. धूळ पुसण्याआधी ती झिजेचाच भाग आहे का ते बघा. पोपडा सोलायचा नाही. एक तर तो तुम्ही बनवलेला पोत होतो आणि नजरेला कळतो, कारण ताज्या कडेवर मळ नसतो. दुसरं म्हणजे जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग इतकी खाली आणणारे नियम आपल्याकडे २०१६ मधले आहेत, त्याआधीच्या भिंती आणि दारं कितीतरी आहेत. खरवडू नका, भुकटी उडवू नका, घरी आल्यावर हात धुवा. लहान मुलं बरोबर असतील तर जास्तच.

इंदुरात जायचं कुठे? इथे तर सगळंच रंगवून चकाचक केलंय.

ही तक्रार खरी आहे आणि तिचं मला थोडं हसूही येतं. स्वच्छ शहरांच्या यादीत २०१७ पासून पहिला नंबर लावणाऱ्या गावात राहून आपण डाग शोधत फिरतो. भिंतींवर घोषवाक्यं, चित्रं, दरवर्षी नवा हात. रस्त्यावरची झीज इथे फार दिवस टिकत नाही. त्यामुळेच मी स्वयंपाकघर आधी सांगते, तिथे पालिका येत नाही.

पण जागा आहेत. राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत याचं बरंच नुकसान झालं आणि पुढे दुरुस्ती झाली. म्हणून इथे जुनं आणि नवं लाकूड, जुना आणि नवा दगड शेजारी शेजारी सापडतो. सगळे मोठ्या दरवाजाचा समोरून फोटो काढतात. तुम्ही हात पोहोचेल त्या उंचीवरचा भाग बघा आणि तोच पोत डोक्याच्या वर बघा. स्पर्श कुठे थांबतो ते स्पष्ट दिसतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर पाणी आणि ऊन यांचं काम जास्त, तिथे पावसाळ्यात जा.

बर्तन बाजारात नवी भांडी चमकत असतात, त्यांच्याकडे पाठ करा. दुकानाचा लाकडी गल्ला, तराजूची साखळी, वजनं, मोडीत आलेल्या भांड्यांचं पोतं यात खरा माल आहे. लोहामंडी सकाळी लवकर, काम सुरू व्हायच्या आधी. सियागंजात हातगाड्या बघा: ज्या दांड्याला रोज हात लागतो तो तेलकट काळा आणि गुळगुळीत, बाकी लाकूड फुटलेलं. मल्हारगंज आणि जुनी इंदूरच्या गल्ल्यांत चुन्याचे जुने थर अजून आहेत. हिरव्यावर निळा, त्यावर पिवळा, आणि जिथे सायकल टेकते तिथे तिन्ही एकदम.

अटालेवाल्याची, म्हणजे भंगारवाल्याची, हातगाडी तर चालतं प्रदर्शन. तिला थांबवायचं असेल तर काहीतरी विकायला न्या.

गिरण्यांचं काय, असं विचारतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही पुढेमागे. पडक्या आवारांत शिरू नका, छपरं धोक्याची असतात आणि परवानगीही नसते. पण इथल्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांतल्या घरांत मागावरचे धोटे आणि लाकडी बॉबिनी अजून खिळ्याला टांगलेल्या सापडतात. धोट्याचं टोक आणि बाजू सुताने इतकी घासलेली असते की लाकूड शिंगासारखं दिसतं. गिरणीच्या पडक्या चिमणीच्या फोटोपेक्षा तो धोटा मला केव्हाही जास्त आवडेल.

आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. गेर चालू असताना कॅमेरा घरी ठेवा. ती संपली की पालिकेच्या गाड्या लगेच धुवायला लागतात, तुमच्याकडे थोडाच वेळ असतो. शटरच्या पन्हळींत, दगडांच्या सांध्यांत, विजेच्या खांबांच्या खालच्या भागात गुलाबी आणि हिरवा राहून जातो. पाणी वरून खाली आलेलं असतं, म्हणून फ्रेम उभी घ्या. एरवी वर्षानुवर्षांत होणारं काम इथे एका सकाळीत झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी शोधलं तरी सापडत नाही.

दुकानदार ओरडतात. काय सांगायचं?

खरं सांगा आणि आधी सांगा. ‘भैया, तुमच्या गल्ल्याच्या लाकडाचा फोटो काढू का?’ एवढं पुरतं. लोकांना अतिक्रमणवाले किंवा कर खात्याचे वाटतो आपण, म्हणून काढलेला फोटो लगेच दाखवा. बहुतेक वेळा उत्तर ‘इसमें क्या रखा है’ असतं आणि मग शेजारचा येऊन आपली कुलपं दाखवतो. नाही म्हणाले तर पुढे चला. वाद घालण्यासारखं काही नाही, झिजलेलं लाकूड पुढच्या दुकानातही आहे.

वस्तू ओळखू यावी की येऊ नये?

मंडळीत यावर सर्वांत जास्त भांडण. एक पक्ष म्हणतो, ओळखू आली की अमूर्तता संपली. मी दुसऱ्या पक्षातली. किल्लीच्या भोकाभोवती पितळेच्या पट्टीवर चरे पसरलेले असतात, अंधारात किल्ली चाचपडत फिरल्याचे. भोक फ्रेमबाहेर ठेवलं तर नुसते चरे राहतात, सुंदर पण कुठलेही. भोकाची एक काळी कड कोपऱ्यात आली तर त्या चऱ्यांमागचा रात्री उशिरा घरी येणारा माणूसही येतो. अर्थात पूर्ण कुलूप दाखवलं तर कुलपाचाच फोटो होतो. कड किती, हा तोल प्रत्येक वस्तूला वेगळा.

फ्रेम ठरवताना कडांकडे बघा, मध्याकडे नाही. चारही कडांना काय कापलं जातंय? कोपऱ्यात उजळ ठिपका राहिलाय का? पोत सगळीकडे सारखाच असेल तर डोळा टेकायला जागा हवी: एक खिळा, एक ओघळ, एक वेगळा रंग. एवढं करूनही फोटो उलटा करून बघा. उलटा जास्त चांगला वाटला तर तसाच ठेवा. यात वर-खाली ठरवणारे आपणच.

चित्रकला शिकलेलं असावं लागतं का?

नाही. पण चित्रं बघा. चित्रकार देवळालीकरांनी उभारलेली इथली चित्रशाळा १९२७ सालची, तिथून चित्रकार ना. श्री. बेंद्रे घडले, एम. एफ. हुसेनही काही काळ तिथे होते. बेंद्रे यांची चित्रं प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर दोन रंग जिथे भेटतात ती रेघ ते कशी सोडतात ते बघा. पोपड्यांच्या फोटोत आपल्याला तोच प्रश्न सारखा पडतो.

फाटक्या पोस्टरांचे फोटो काढते, पण सगळे निळेच दिसतात.

छपाईच्या शाईतला पिवळा आणि किरमिजी उन्हाने लवकर उडतो, निळा आणि काळा उरतो. जुनं पोस्टर निळं असणं बरोबरच आहे, ते दुरुस्त करू नका. सावलीत राहिलेला एखादा तुकडा शेजारी मिळाला तर दोन्ही एका फ्रेममध्ये घ्या.

एडिटिंग किती करावं?

कमी. एडिटिंगच्या अ‍ॅपमधली क्लॅरिटीची पट्टी ओढली की सगळं जग गंजलेलं दिसतं, गोधडीसुद्धा. मी कडा कापते, काळं-पांढरं ठरवते, रंगाचा तोल बघते आणि थांबते. लाल भडक वस्तू असेल तर लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) वेगवेगळे बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो, पण लाल एकटाच कडेला आपटलेला असतो आणि त्या जागी पोत उरलेलाच नसतो. रंग वाढवण्याचा मोह झाला तर वस्तू पुन्हा शेजारी आणून ठेवा. घरातली वस्तू निवडण्याचा हाही एक फायदा.

लोकांचं मोडकंतोडकं आपल्याला सुंदर वाटतं, यात काही चुकतंय असं नाही का वाटत?

वाटतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे फोटो सहसा बरे असतात. ज्या घरात ओल आहे तिथे राहणाऱ्याला ती ओल म्हणजे खोकला असतो. मी स्वतःपुरती एक रेघ आखली आहे. वापरून झिजलेलं टिपते, दुर्लक्षाने सडलेलं टिपत नाही, निदान त्या घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय नाही. झिजलेला पाटा म्हणजे कुणीतरी जेवू घातलंय. कुजलेल्या छताबद्दल तसं म्हणता येत नाही. ही रेघ दर वेळी स्वच्छ आखता येते असं नाही. हातगाडीचा गुळगुळीत दांडा वापराचाच आहे, पण तो ओढणाऱ्याच्या तळव्यांचं काय? काहींनी यावर फोटोखाली वस्तूवाल्याच्या कामाबद्दल दोन ओळी लिहायला सुरुवात केली. मला ते पटतं. फक्त त्याला न विचारता त्याचं नाव लिहू नये.

माझे फोटो वेगवेगळे छान आहेत, पण एकत्र ठेवले की गोंधळ.

एकच प्रकारची झीज घ्या. फक्त अंगठ्याने झिजलेलं: बॅटरीचं बटण, बंबाचा नळ, पोथीच्या पानांचे कोपरे, पानपुड्याचं झाकण. रंगांवर जुळवायला गेलात तर दोन महिन्यांत कंटाळाल.

प्रिंट किती मोठी काढावी?

बारा मेगापिक्सलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सलचा असतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १३×१० इंच, २०० ला २०×१५. पोताचे फोटो लोक जवळ येऊन बघतात, म्हणून मी ३०० धरते. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब पडून चरे दिसत नाहीत. काच लावायचीच असेल तर प्रतिबिंब कमी करणारी मिळते, महाग असते. आधी एक छोटी पट्टी छापून दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या ट्यूबखाली नको. वस्तूच्या खऱ्या आकारापेक्षा प्रिंट मोठी हवी की तेवढीच, हे मात्र आधी ठरवा. किल्लीच्या भोकाचा फोटो दोन फूट चालतो. पाट्याचा मी पाट्याएवढाच काढते.